चौदा खरारे

पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक उभ्या होत्या आणि त्यांच्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचू लागली. बोट पडद्याला न लावता, नखाएवढं अंतर राखून, डावीकडून उजवीकडे नेत राहिली. वरची ओळ म्हातारीची, खालची साहेबाची. म्हातारी म्हणजे बावीस वर्षांची तांबूस घोडी आणि साहेब म्हणजे सहा वर्षांचा काळा घोडा. शहराच्या टोकाला घोडेस्वारी शिकवणारी एक पागा होती, तिथं ही दोघं शेजारशेजारच्या ठाणांवर बांधलेली असत. दोघांच्याही कातडीवर गाठी होत्या. त्या गाठींवरून कापसाचे बोळे फिरवून आणले होते, त्या बोळ्यांत एक विषाणू सापडला होता आणि यंत्रानं त्याचा एक तुकडा अक्षरं लावून वाचून दाखवला होता. एकशे चाळिसाव्या जागी बहुतेकांत एक ठरलेलं अक्षर असतं. इथं दोघांतही तिथं वेगळंच अक्षर होतं, आणि दोघांत तेच. असं वेगळेपण दोन ठिकाणी आपोआप उगवत नाही.

"ताई, छत्तीसच्या छत्तीस गुण!" मागून तिच्या हाताखालची धाकटी म्हणाली. प्रयोगशाळेत लागून तिला दीड वर्ष झालं होतं, आणि कुठलाही निकाल आला की तिला स्वतःचाच निकाल लागल्यासारखा आनंद होई. "हिच्यापासून त्याला गेलाय, हे आता शेंबडं पोरही सांगेल."

"कोऱ्या नळीत काही आलंय?"

"काही नाही. पाण्याच्या नळीत नाही, तुम्ही पागेतल्या हवेत फिरवून आणलेल्या बोळ्यातही नाही. तुमच्या हातचं काम, ताई. त्यात काय निघणार?"

तेव्हा तिला धक्का बसला. बाहेरून कुणाला दिसला नसता. उजव्या तळहातात, अंगठ्याखालच्या मांसल भागात, तिला लाकूड जाणवलं. घामानं काळपट झालेलं, कडेला गोल झिजलेलं लाकूड आणि बोटांच्या मागून घट्ट बसणारा चामड्याचा पट्टा. तिनं मूठ उघडली. हातात काही नव्हतं, समोर फक्त टेबलाचा पांढरा पत्रा होता. पण हात विसरला नव्हता. गेल्या गुरुवारी तीन वेळा, वरून खाली, असा तो फिरला होता, आणि ते या घडीपर्यंत फक्त हातालाच माहीत होतं.

गुरुवारी पागेच्या डॉक्टरांचा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून नमुने आणायला ती स्वतः गेली. नमुने घेण्याचे नियम तिनंच लिहिलेले होते आणि ते प्लॅस्टिकमध्ये घालून प्रयोगशाळेच्या दाराशी लावलेले होते. आधी निरोगी जनावर, मग संशयित, शेवटी आजारी. प्रत्येक जनावराला नवे हातमोजे, नवा बोळा, नवी नळी. पण त्या दिवशी साहेब फेरीवर गेला होता आणि म्हातारी ठाणावर उभी होती, म्हणून आधी म्हातारी झाली. पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला तिला गाठींचे घोसच होते, काही भाजलेल्या शेंगदाण्यासारखे कोरडे, काही ओले. घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार म्हणाला, "बाई, खरारा केल्याबिगर ती पोटाखाली हात घालू देत नाही. जुन्या वळणाची आहे." आणि त्यानं तिच्या पोटावरून, गाठींच्या कडेकडेनं, खरारा, तो लाकडी पाठीचा ब्रश, फिरवला. ती डोळे मिटून उभी राहिली. मग साहेब आला, घामेजलेला, कान मागे पाडलेला, छातीवर वाळत चाललेला चिखल, आणि बटणाएवढी गाठ त्या चिखलाखाली. मोतद्दाराचे दोन्ही हात त्याच्या तोंडाशी गुंतलेले. तिनं नवे हातमोजे घातले. नवी नळी उघडून ठेवली. आणि भिंतीच्या कट्ट्यावरचा खरारा उचलून छातीवरचा चिखल झाडला. एक, दोन, तीन. चिखल पडला, गाठ दिसली, तिनं बोळा फिरवला. नोंदवहीत तिनं सगळं लिहिलं: हातमोजे, बोळा, नळीचा क्रमांक, वेळ. रकाने तेवढेच होते. खराऱ्याचा रकाना नव्हता.

आता ती त्या तीन झटक्यांकडे पाहत होती. साहेबाच्या गाठीत विषाणू असेलही. नसेलही. त्याच्या छातीवरून जे तिनं उचललं ते म्हातारीच्या पोटावरचंच असू शकत होतं, तिनंच नेऊन ठेवलेलं आणि तिनंच परत आणलेलं. दोन ओळी जुळणार नाहीत तर काय होईल? एकच ओळ दोनदा वाचली असेल तर ती जुळणारच.

"रिपोर्ट दोनपर्यंत द्यायचाय ना?" धाकटीनं विचारलं.

"हो."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलावर पागेच्या मॅनेजरचं पत्र पडलं होतं. पत्र सभ्य होतं. आमच्याकडे चौदा घोडे आहेत, त्यांतल्या एकीला सात वर्षांपासून त्वचेच्या गाठी आहेत, आता शेजारच्या घोड्यालाही गाठ दिसत आहे, पालक मुलांना पाठवायला कचरत आहेत. तरी हा आजार एकत्र ठेवलेल्या घोड्यांत पसरतो की पसरत नाही, हे कृपया एका शब्दात कळवावे. डॉक्टर बुधवारी चार वाजता येणार असून त्यानुसार म्हातारीला मोकळे करण्याबाबत निर्णय घेता येईल. आज बुधवार होता. मोकळे करणे. तिनं ते दोन शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा तिला खरंच क्षणभर दावं सोडून माळावर धावणारी घोडी दिसली होती. मग समजलं की मोकळं करायला मानेजवळची एक शीर आणि एक सुई पुरते.

एका शब्दात. हा प्रश्न तिला नवा नव्हता. हा विषाणू मूळचा गुरांचा. गुरांच्या अंगावर तो चामखिळी आणतो, त्या काही महिन्यांत गळूनही जातात. घोड्याच्या कातडीत शिरला तर तिथं त्याला धड जगता येत नाही आणि धड मरताही येत नाही, तो गाठ करून बसतो. ती गाठ आत फुप्फुसात, यकृतात जात नाही, घोडा मारत नाही, पण कापली तर चिडते आणि दुप्पट होऊन येते. म्हणून तर तिनं तुकडा न कापता बोळा फिरवला होता. आणि एका घोड्यापासून दुसऱ्याला? माश्यांवर संशय आहे. खोगिराच्या पट्ट्यांवर आहे, खराऱ्यांवर आहे. एका पागेत तीन-तीन घोड्यांना झालेलं तिनं पाहिलं होतं, आणि गाठींनी भरलेल्या घोडीच्या मानेवर मान टाकून वर्षानुवर्षं उभा राहिलेला, अंगावर एक पुटकुळी नसलेला घोडाही पाहिला होता. पोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं, असं ती धाकटीला शिकवी. बी वाऱ्यानं कुठंही पोचतं. पण या वाक्याला दोन बाजू होत्या आणि मॅनेजरच्या पत्रात जागा एका शब्दाची होती.

आत्या असती तर तिनं एक म्हण टाकली असती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आत्याकडे प्रत्येक गोष्टीला म्हण असे. ती वडिलांची थोरली बहीण, मागच्या खोलीत राहायची. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, म्हणून आत्या म्हणे, "मला भिंतीला कान नाही, डोळेच लावून बसावं लागतं." तिच्या हातांवर, मानेवर, पाठभर मऊ गाठी होत्या, वाटाण्याएवढ्या, काही बोराएवढ्या. दाबलं तर आत जायच्या आणि बोट काढलं की वर यायच्या. लहानपणी तिला हा खेळ वाटे. आत्या दाबू द्यायची. "हळू गं, घंटी वाजेल आणि पाहुणे येतील." पाहुणे आले की आत्या मागच्या खोलीत जायची, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं. आत्याची ताटली वेगळी होती. टॉवेल वेगळा. आणि आत्याच्या फणीला आईनं लाल दोरा बांधला होता, घट्ट, तीन वेढे देऊन. ती फणी बारीक दातांची, शिंगाची होती आणि घरातल्या सगळ्या फण्यांत चांगली होती. आई स्वयंपाकघरात असली की आत्या त्याच फणीनं तिच्या वेण्या घालायची. केसांतून फणी जाताना डोक्याच्या कातडीवर एक सुखाची शिरशिरी यायची, अजूनही तिला ती आठवली की मानेमागे तसंच काहीतरी होई. आणि ती नऊ वर्षांची असताना तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक चामखीळ उगवली.

"काय, निघालं का घोडं गंगेत न्हाऊन?" विभागाचे सर दारात उभे होते. हातात कप. सर तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि दोन पायऱ्यांनी वर होते, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल ते तिच्याशी फार अदबीनं वागत. "धाकटीनं सांगितलं. एकशे चाळिसावं अक्षरसुद्धा? अहो मॅडम, हा शोधनिबंध होतो. एकत्र ठेवलेल्या घोड्यांत थेट संक्रमण. असं नीट पकडलेलं उदाहरण कुठं मिळतं? तुम्ही पहिलं नाव घ्या, मी शेवटचं घेतो, म्हणजे भांडण नको."

"घोडी मारतील आज."

"बावीस वर्षांची आहे ना?" सर मऊ आवाजात म्हणाले. "आपण आपलं काम करायचं. आपण कुठं सुई टोचतोय?"

ते गेले. तिनं अहवालाचा नमुना उघडला. क्रमांक, जनावराचं वय, नमुन्याचा प्रकार. शेवटी निष्कर्षाची चौकट होती. तिनं लिहिलं: दोन्ही घोड्यांतील विषाणू एकसारखा आढळला. हे वाक्य खरं होतं. यात एकही खोटं अक्षर नव्हतं. कुणी तपासायला आलं तर कोऱ्या नळ्या कोऱ्या होत्या, नोंदवहीचे रकाने भरलेले होते, आणि मोतद्दाराला खराऱ्याचं काय ते कुणी विचारलं नसतं. तिनं त्या वाक्याकडे पाहिलं. हे वाक्य तिनं आधीही लिहिलं होतं. लिहिलं नव्हतं, न बोलता बोलून दाखवलं होतं.

आईनं तिचा हात दिव्याखाली धरला होता. "हे काय?" आईनं विचारलं. "तिची फणी वापरलीस?" तिनं मान हलवली, हो. तेही खरं होतं. पण शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या बोटाला तसलीच चामखीळ होती, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, आणि ती मुलगी नि ती रोज हातात हात गुंफून घरी यायच्या, आणि त्या मुलीशी बोलायचं नाही अशी आईची सक्त ताकीद होती, कारण तिनं एकदा यांच्या घरातला कंपास उचलला होता. बाकावरच्या मुलीचं नाव काढलं असतं तर मार बसला असता. फणीचं नाव आधीच निघालेलं होतं. तिनं फक्त दुसरं वाक्य बोलायचं टाळलं. पंधरा दिवसांनी आत्या एका दूरच्या गावी, एकट्या बायकांना ठेवून घेणाऱ्या एका घरात राहायला गेली. ट्रंक रिक्षात ठेवताना म्हणाली, "बरं झालं, तिथल्या खिडकीतून म्हणे झाड दिसतं." फणी राहून गेली होती. आईनं ती चिमट्यानं उचलून टाकली. पुढं कॉलेजात, पुस्तकातल्या एका पानावर, तिला आत्याची पाठ दिसली. तो जन्मतःचा दोष होता, मज्जातंतूंच्या गाठी, कुणाकडून कुणाला जाऊच न शकणाऱ्या. आणि दहा पानं पुढं स्वतःचं बोट दिसलं. चामखिळीचा विषाणू. स्पर्शानं जाणारा. त्याच कुळातला, ज्याच्यावर तिनं पुढची वीस वर्षं काढली. लोक विचारत, हाच विषय का घेतलात? ती म्हणे, मिळाला.

बारा वाजता फोन वाजला. आईच. बारा म्हणजे आईची गोळी, आणि गोळी घेतली हे सांगायच्या निमित्तानं मुलीनं डबा खाल्ला का हे विचारणं. दोघीच राहायच्या, तरी दिवसातून एकदा फोन लागे.

"घेतली गं बाई गोळी. ती छोटी गिळताना घशात अडकते, मोठी मात्र सटकन जाते. तुझ्या सायन्समध्ये याला काय म्हणतात?"

"आई, एक विचारू?"

"पैशाचं नसेल तर विचार."

"माझ्या बोटाला चामखीळ आली होती. आत्या गेली त्या वर्षी."

"बरं मग?"

"ती आत्यामुळे नव्हती. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची—"

"ती कंपासवाली. तिच्या बोटाला होती की तसलीच. शाळेच्या फाटकात रोज दिसायची मला, हात धरून उभ्या असायचात दोघी. मी काय आंधळी होते?"

तिच्या हातातला फोन गरम झाला होता, की कान. "तुला माहीत होतं?"

"डॉक्टरनंही सांगितलं होतं, तुझ्या आत्याच्या गाठी कुणाला लागत नाहीत म्हणून. लग्न होऊन आले त्या वर्षीच सांगितलं होतं." आईचा आवाज चढलेला नव्हता, उलट भाजी निवडताना बोलावं तसा होता. "पण तीन खोल्यांत सहा माणसं. आणि ती माझ्या प्रत्येक भाजीला म्हण लावायची. तेरा वर्षं. तू कधी सवतीसारखी नणंद पाहिलीस? नाही पाहिलीस. तुझे वडील काही बहिणीला घालवणारे नव्हते. तुझं बोट पाहिल्यावर गप्प बसले. सुंठीवाचून खोकला गेला." मग जरा थांबून, "वाईटच केलं. मला काय ते कळत नाही होय? आता या वयात काय फाशी देणार आहेस का मला? जेवलीस का?"

"जेवते."

"जेव. आणि येताना त्या गोळ्या आण, छोट्या नको."

ती फोन हातात धरून बसली. चाळीस वर्षं एक दगड उचलून चालावं आणि कुणीतरी सहज म्हणावं, तो माझाच आहे की, ठेव तिथं. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दगड खाली ठेवल्यावर हात आपोआप वर उचलले जातात, तसं काहीतरी अंगभर झालं आणि त्यात भीतीच जास्त होती. म्हणजे पसरतं की नाही, हे त्या घरात कधी कुणाला विचारायचंच नव्हतं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. हवं होतं ते बोट. तिनं टेबलावरचं पत्र पुन्हा उचललं. चौदा घोडे. बावीस वर्षांची, फेरीला न चालणारी, ठाण अडवून उभी असलेली एक. एका शब्दात कळवावे. मॅनेजरला जाणून घ्यायचं नव्हतं. त्याला तिचं बोट हवं होतं.

पण म्हणून 'पसरत नाही' असंही लिहिता येत नव्हतं. तिथंच खरी पाचर होती. 'पसरत नाही' हे खोटं ठरलं असतं, दयेपोटी बोललेलं असलं तरी, आणि उद्या तिसऱ्या घोड्याला गाठ आली तर तिच्या नावावर आली असती. चौकटीतलं वाक्य तिनं पुसलं. कर्सर लुकलुकत राहिला. मग तिनं लिहिलं, सावकाश, जिभेवर प्रत्येक शब्द ठेवून पाहावा तसं: साहेबाचा नमुना ग्राह्य धरू नये. नमुना घेण्यापूर्वी म्हातारीच्या अंगावर वापरलेला खरारा त्याच्या गाठीवर फिरवला गेला. चूक नमुना घेणारीची.

सरांनी ते उभ्यानंच वाचलं. दोनदा. "हे कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो."

"नोंदवहीत नाही."

"म्हणूनच इथं लिहिलं."

"मॅडम, महिन्यावर तपासणी आलीय. बाहेरचे लोक येऊन हेच कागद चाळणार. काट्याचा नायटा होईल. वीस वर्षांत एक चूक नाही तुमची."

"वीस वर्षांत एक सापडली," ती म्हणाली. "मी नवा नमुना आणायला जाते. आज. चारच्या आत पोचायला हवं."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग कप खाली ठेवून त्यांनी कागदावर सही केली, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात. "शेवटचं नाव गेलं म्हणायचं माझं," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

बसमध्ये ती नमुन्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली. नळ्या आत एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. शेजारच्या बाईनं पेटीवरचं धोक्याचं लाल चिन्ह पाहिलं आणि पर्स उचलून दोन बाक पुढं जाऊन बसली. एरवी तिला राग आला असता. आज ती त्या रिकाम्या जागेकडे नुसती पाहत राहिली, बाईच्या अंगाची ऊब अजून रेक्झिनवर असेल, तिनं हात ठेवून पाहिला, होती. खिडकीबाहेर दुकानं, एक शाळा, पाट्या रंगवणाऱ्याची शिडी. एकदाच ती आत्याला भेटायला गेली होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. पुस्तकातलं पान वाचून मगच. खिडकीतून झाड दिसत नव्हतं, तोडलं होतं. आत्यानं शालीखाली हात लपवले आणि म्हणाली, "लांब बस हो, परीक्षा जवळ आलीय तुझी." ती लांब बसली. ते पान तिच्या पिशवीतच होतं, नक्कल करून घेतलेलं. काढून दाखवायला एक मिनिट लागलं असतं. तेव्हाही तिनं वाट पाहिली, की योग्य वेळ येईल, आणि सहाच्या गाडीची वेळ आली.

पागेत पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. डॉक्टर आधीच आले होते, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात पेटी. मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात, पायात स्वच्छ बूट. म्हातारी बाहेर, आवारातल्या फरशीवर उभी होती. फरशीवर कशाला, हे तिच्या लगेच लक्षात आलं. तिथून गाडीत चढवायला सोपं.

"या मॅडम," मॅनेजर म्हणाला. "स्वतः आलात? फोन केला असता तरी चाललं असतं. एका शब्दाचं काम."

"एका शब्दाचं नाही," ती म्हणाली, आणि कागद दिला. तो वाचत असताना तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मोतद्दार घोडीच्या पलीकडे उभा होता, त्याचे फक्त पाय दिसत होते.

"म्हणजे चुकलं तुमचं."

"हो."

"म्हणजे पसरत नाही?"

"असं मी म्हटलं नाही."

"मग पसरतो!"

"असंही नाही. पसरू शकतो. माशीनं, पट्ट्यानं, खराऱ्यानं. माझ्या हातानं इथून तिथं गेला असेल, तर रोज तुमच्या माणसांच्या हातानं जातच असणार. पण जाणं वेगळं आणि रुजणं वेगळं. म्हातारीच्या डाव्या बाजूला कुणाला बांधता?"

मॅनेजरला आठवेना. पलीकडून मोतद्दार बोलला. "बुटकी. सहा वर्षं झाली बाई. एका तोबऱ्यात तोंड घालतात दोघी."

"बुटकीच्या अंगावर काही आहे?"

"माशी बसली तर तीही घसरून पडेल."

डॉक्टर हसले. मॅनेजर हसला नाही. "अहो, पण धोका आहे ना? थोडा का होईना?"

"आहे."

"मग आम्ही तो कशाला पत्करायचा? एक म्हातारं जनावर—"

"म्हातारं आहे म्हणून तिला घालवायचं असेल, तर तसं म्हणा," ती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, पण तिला तो अनोळखी वाटला, जुन्या खोलीतून आल्यासारखा. "तो तुमचा अधिकार आहे. घोडी तुमची, ठाण तुमचं. पण गाठीमुळे घालवली, असं माझ्या कागदावर टाकायचं नाही. माझ्या कागदावर ते नाही."

साहेबानं आतून पाय आपटला. मॅनेजरनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पालकांना दाखवायला त्यात काही आहे का ते शोधत असावा. डॉक्टरांनी पेटी फरशीवर ठेवली. "दुसरा नमुना किती दिवस घेईल?"

"आठ. पण त्याचं काहीही आलं तरी मी आज सांगतेय तेच सांगणार. साहेबाच्या गाठीत निघाला, तर त्याच्या गाठीवर उपचार करा, लहान आहे. हिला मारून त्याची गाठ जाणार नाही. माश्यांना जाळ्या लावा. जखम झाली तर झाका."

"आणि हिला मागच्या शेडमध्ये टाकू," मॅनेजर म्हणाला. "एकटीला. तिचं सामान वेगळं. तिच्या खराऱ्याला काहीतरी खूण करून ठेवा रे, लाल फडकं वगैरे."

तिचा हात आपोआप मुठीत मिटला. लाल दोरा, तीन वेढे. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"खूण करायचीच," ती म्हणाली. "पण सगळ्यांच्या. चौदा घोडे, चौदा खरारे. ज्याचा त्याचा. कुणाच्या अंगावर काय आहे ते डोळ्यांना दिसेपर्यंत वर्ष जातं, तेव्हा एकट्या हिचाच वेगळा ठेवून काही उपयोग नाही. साहेबाचं बुटकीला नको, बुटकीचं साहेबाला नको. आणि ही जिथं आहे तिथंच राहू दे."

"चौदा?" मॅनेजर म्हणाला.

"चौदा रंग आणायचे कुठून बाई?" मोतद्दार घोडीच्या मानेखालून वाकून बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते आणि तो ते लपवत नव्हता. "माझ्या बायकोच्या पेटीतसुद्धा नऊच रंगांचे दोरे आहेत."

"दोन दोन रंग एकत्र करा."

"हां. मग म्हातारीला कुठला?"

"तिलाच विचारा," डॉक्टर म्हणाले, आणि पेटी उचलून गाडीकडे निघाले. मॅनेजर त्यांच्यामागून काहीतरी बोलत गेला. आठ दिवस, एवढंच ऐकू आलं, आणि मग गाडीचं दार लागल्याचा आवाज.

या वेळी तिनं आधी साहेबाला घेतलं. चिखल ओल्या, नव्या कापसानं पुसला, कापूस पिशवीत बंद केला, नवे हातमोजे, नवा बोळा. नोंदवहीत उजव्या कडेला पट्टी ठेवून तिनं एक उभी रेघ ओढली आणि नव्या रकान्याच्या माथ्यावर 'खरारा' असं लिहिलं. त्याखाली: वापरला नाही. मग आधीचं पान उघडून, गुरुवारच्या नोंदीपुढं तशीच रेघ ओढली आणि लिहिलं: वापरला, तीनदा. आजची तारीख घालून सही केली.

म्हातारी अजून फरशीवरच उभी होती. तिला आत न्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती जवळ गेली. हातमोजे काढलेले होते आणि पेटी बंद होती, तिला आता या घोडीकडून काही घ्यायचं नव्हतं. तिनं पोटाखाली हात घातला. खरारा न करता. घोडीच्या कातडीवरून एक थरथर सरकत गेली, कान मागे झाले, मागचा पाय किंचित उचलला गेला. ती तशीच थांबली. हात काढला नाही, दाबलाही नाही. थोड्या वेळानं पाय खाली टेकला. गाठी तळहाताला लागत होत्या, कोरड्या, खरबरीत, आणि आश्चर्य म्हणजे उबदार. इतकी वर्षं तिनं त्या काचेखाली, रंग लावून पाहिल्या होत्या, उबदार असतात हे तिला माहीत नव्हतं.

"जुन्या वळणाची," मोतद्दार हळूच म्हणाला. "पण माणूस ओळखते."

"चला, आत नेऊ हिला."

"मी नेतो. साहेब खिडकीतून बघतोय तुमच्याकडं, त्याच्याही कपाळावरून हात फिरवा. नाहीतर रुसेल."

"फिरवते," ती म्हणाली, आणि आधी नळावर गेली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या, साबण लावला, नखं, बोटांच्या बेचक्या, मधलं बोट, मनगटं. पाणी थंड होतं. ती घाई न करता धूत राहिली, आणि मागं फरशीवरून आत जाणाऱ्या चार नालांचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.